विसरावयाची कौशल्ये, न विसरावयाची दप्तरे

१८८५ मध्ये सुरू झालेल्या नीरा डाव्या कालव्याने बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील कोरडवाहू पट्ट्याचे रूप पालटले. या कालव्याच्या लाभक्षेत्रात माळेगाव बुद्रुक हे गाव वसले आहे. शिवनगरचा सहकारी साखर कारखाना, त्याच परिसरातील अभियांत्रिकी महाविद्यालय आणि जवळच शारदानगर येथे उभे राहिलेले शिक्षणसंकुल यांमुळे या गावाचे नाव जिल्ह्याबाहेरही परिचित आहे. उसाच्या पिकासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा उपयोग करून पाहण्याचा बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टचा २०२४ मधील प्रयोगही याच परिसरातील होय.

ऊस हे जितके पाण्याचे तितकेच हिशेबाचे पीक आहे. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू किंवा खोडवा अशी लागणीची नोंद, त्यावरून ठरणारा तोडणीचा क्रम, चिटबॉयने फडात दिलेली चिठ्ठी, काट्यावरचे भरल्या व रिकाम्या गाडीचे वजन, सोसायटीच्या कर्जाची कपात आणि अखेरीस सभासदाच्या हाती पडणारे बिल, अशी ही नोंदींची साखळी वर्षभर चालू असते. त्यामुळे उसाच्या गावात हिशेबाची साधने इतर गावांच्या मानाने लवकर आली आणि तितक्याच लवकर जुनीही झाली. एकाच घरात आजोबांना पावकी-निमकी मुखोद्गत, वडिलांना डॉसच्या आज्ञा मुखोद्गत आणि नातीला या दोहोंपैकी कशाचाही गंध नाही, असे चित्र या पट्ट्यात आढळले तर त्यात नवल वाटू नये.

नातीला ते येत नाही याची खंत करावी काय, असा प्रश्न शिक्षकांच्या बैठकांतून अधूनमधून निघतो. त्याचे उत्तर बहुतेक बाबतींत ‘नाही’ असेच द्यावे लागेल. परंतु या प्रश्नाला जोडून दुसरा एक प्रश्न आहे आणि तो सहसा कोणी विचारीत नाही. कौशल्य गेले, पण त्या कौशल्याच्या आधारे जे लिहून ठेवले गेले, ते आज कोणाला वाचता येते?

पावकीची कथा

प्रथम संगणकापूर्वीच्या हिशेबाकडे पाहणे उपयुक्त ठरेल. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी ही अपूर्णांकांची उजळणी जुन्या प्राथमिक शाळेत घोकून घेतली जात असे. त्या घोकंपट्टीमागे व्यवहाराची गरज होती. रुपयाचे आणे १६, आण्याच्या पै १२. मणाचे शेर ४०, पायलीचे शेर ४. सारे व्यवहार पाव, अर्धा, पाऊण या विभागांनीच चालत. सव्वा रुपया शेराने १७ शेर घेतले तर सव्वाएकवीस रुपये, हे उत्तर कागदाला हात न लावता देता येणे हीच त्या काळची हिशेबनिसाची पात्रता होती.

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणेपद्धती सुरू झाली. १९५८ पासून टप्प्याटप्प्याने मेट्रिक वजनमापे आली. त्यानंतर पावकीची व्यावहारिक गरज ज्या वेगाने संपली तो वेग पाहता, एखादे कौशल्य किती लवकर निरुपयोगी होऊ शकते याचे याहून ठळक उदाहरण ग्रामीण महाराष्ट्रात सापडणे कठीण आहे. तोंडी हिशेबाने बुद्धीला धार येते हा युक्तिवाद खराच आहे. परंतु ती धार दशमान पद्धतीच्या तोंडी हिशेबानेही येऊ शकते.

असे असले तरी जुने मान पुरते मेले नाही. जमिनीच्या जुन्या फेरफारांत आणि खरेदीखतांत क्षेत्र एकर-गुंठ्यांत आहे. आजचा सातबारा हेक्टर-आरमध्ये आहे. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जागा, अर्थात १०१.१७ चौरस मीटर. आर म्हणजे १०० चौरस मीटर. दोन्ही जवळजवळ सारखे, आणि हे ‘जवळजवळ’च घात करते. जुन्या दस्तात ३ एकर १७ गुंठे, म्हणजे १३७ गुंठे क्षेत्र असेल तर ते १ हेक्टर ३८.६० आर होते. गुंठा म्हणजेच आर असे समजून कोणी १ हेक्टर ३७ आर लिहिले तर दीड गुंठ्याहून अधिक जमीन कागदावरून नाहीशी होते. बागायती जमिनीच्या वाटणीत दीड गुंठा ही किरकोळ बाब नव्हे. म्हणून पावकी सुखाने विसरावी. मात्र गुंठ्याचे आर करण्याची रीत ज्या कार्यालयात जुने दस्त येतात तेथे कोणाला तरी अचूक आलीच पाहिजे.

टंकलेखन यंत्राचा वारसा

संगणकाकडे वळताना मध्ये टंकलेखन यंत्र येते, आणि मराठीपुरते बोलावयाचे तर पुढील सर्व गुंतागुंतीचे मूळ त्या यंत्रात आहे. गोदरेज कंपनीने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र बाजारात आणले. २००९ मध्ये तिने हे उत्पादन थांबविले. मधल्या अर्धशतकात मराठी टंकलेखनाची ३० आणि ४० शब्दांची परीक्षा ही तालुक्याच्या गावातील हजारो तरुण-तरुणींच्या नोकरीची पहिली पायरी ठरली. आता ती परीक्षा संगणकावर होते.

यंत्रावरील कळा मर्यादित आणि मराठीची अक्षरे व जोडाक्षरे अनेक. यावर तोड म्हणून अक्षरांचे तुकडे करण्यात आले. ‘ण’साठी अर्ध्या ‘ण’ची कळ दाबून पुढे काना जोडावयाचा, ‘ध’ आणि ‘भ’ यांचेही तसेच. ऱ्हस्व वेलांटी कागदावर अक्षराच्या डावीकडे येते, म्हणून ती अक्षराच्या आधी उमटवावयाची. रफार डोक्यावर शेवटी येतो, म्हणून तो अक्षरानंतर. ‘कर्ज’ हा शब्द यंत्रावर ‘क’, ‘ज’ आणि मग रफार या क्रमाने तयार होई. उच्चाराचा क्रम एक आणि बोटांचा क्रम दुसरा. ज्यांनी ही कला साधली त्यांच्या बोटांचा वेग पाहण्यासारखा असे. कागदापुरते पाहता यात काहीच बिघडत नव्हते, कारण कागदावर क्रम उरत नाही, केवळ आकृती उरते.

संगणकाचे तसे नसते. तो आकृती साठवीत नाही. प्रत्येक अक्षराचा एक क्रमांक ठेवतो आणि त्या क्रमांकावरून आकृती काढून दाखवितो. मराठी कोणत्या क्रमांकांनी साठवावी हा प्रश्न येथे उपस्थित झाला. इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये इन्स्क्रिप्ट हा कळफलक प्रमाणित केला. त्यात डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतांश व्यंजने आणि टंकनाचा क्रम उच्चाराप्रमाणे, अशी योजना आहे. आयआयटी कानपूर येथे विकसित झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅक या संस्थेत वाढलेले जिस्ट तंत्र याच विचारावर आधारलेले होते. सी-डॅकची स्थापना १९८८ ची. संगणकात जिस्ट कार्ड बसविले की डॉसवर चालणाऱ्या साध्या कार्यप्रणालीतही मराठी लिहिता येई आणि ती ‘इस्की’ या संकेतानुसार साठविली जाई. १९९१ मध्ये इस्कीला भारतीय मानकाचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी जगातील सर्व लिप्यांसाठी तयार झालेल्या युनिकोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली व तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेण्यात आली.

येथवर मार्ग सरळ होता. पुढे विंडोज आले, पडद्यावर सुबक अक्षरे दिसू लागली आणि बाजारात अनेक मराठी फॉन्ट आले. यांतील बहुसंख्य फॉन्टांनी एक सोपी युक्ती वापरली. संगणकाला सांगावयाचे इंग्रजी अक्षर आणि त्या इंग्रजी अक्षराच्या आकृतीच्या जागी बसवावयाचा मराठी अक्षराचा तुकडा. संगणकाच्या दृष्टीने धारिकेत इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग असते. विशिष्ट फॉन्टाचा चष्मा लावला तरच तिच्यात मराठी दिसते. चष्मा हरवला की मजकूर हरवला. टंकलेखन यंत्रावर तयार झालेल्या बोटांना ही पद्धत सोयीची होती, कारण तिच्यात कळांचा जुनाच क्रम चालत असे. कार्यालयांनी ती आनंदाने स्वीकारली, यात त्यांचा दोष नाही. त्या काळी दुसरे सुलभ साधन नव्हते. विंडोजमध्ये देवनागरी युनिकोडची सोय अंगभूत आली ती विंडोज २००० पासून.

यातून एक विचित्र परिस्थिती निर्माण झाली आहे. १९९० च्या सुमारास जिस्टवर तयार झालेली नोंद युनिकोडमध्ये आणणे तुलनेने सोपे असते, कारण तिच्यात अक्षरांचा क्रम उच्चाराचा आहे. तिच्यानंतर दहा वर्षांनी आकर्षक फॉन्टात केलेली नोंद मात्र त्रास देते.

जे गेले ते बरे गेले

त्या काळातील कितीतरी कौशल्ये आज केवळ आठवणीपुरती उरली आहेत आणि त्यांच्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. धारिकेचे नाव आठ अक्षरांत आणि पुढील प्रत्यय तीन अक्षरांत बसविण्याची कसरत, बाजूला भोके असलेला सलग कागद प्रिंटरच्या दातेरी चाकांवर सरळ चढविण्याची हातोटी, १३२ स्तंभांचा तक्ता ८० स्तंभांच्या प्रिंटरवर कोंबण्याची युक्ती, रिबन फिकी पडू लागली की सभासदांची बिले आधी छापून घेण्याचे शहाणपण, एका फ्लॉपीत न मावणारी माहिती क्रमांक घातलेल्या अनेक फ्लॉप्यांवर उतरविण्याची शिस्त, ही त्यांतील काही. ‘फॉरमॅट’ ही आज्ञा चुकीच्या ठिकाणी दिली तर सर्व दप्तर पुसले जाते ही धास्ती तर त्या पिढीच्या हाडीमाशी खिळली होती. वर्ष दोनच अंकांत लिहिण्याची काटकसर २००० साल जवळ येताच किती महाग पडली, हे बँका व मोठ्या संस्थांना चांगलेच ठाऊक आहे.

शाळांतही हेच घडले. १९८४ मध्ये केंद्र सरकारने ‘क्लास’ या नावाने शालेय संगणक साक्षरतेचा प्रकल्प सुरू केला. त्यासाठी ब्रिटनचे बीबीसी मायक्रो हे संगणक निवडण्यात आले होते. अवघ्या ३२ किलोबाइट स्मृतीच्या त्या यंत्रावर विद्यार्थी बेसिक भाषेतील लहान लहान कार्यक्रम लिहीत. बेसिकच्या आज्ञांचा आज उपयोग नाही. परंतु एखादे काम क्रमवार पायऱ्यांत मांडणे आणि उत्तर चुकल्यास कोणती पायरी चुकली ते शोधणे, ही सवय ज्यांना त्यातून लागली त्यांना पुढील प्रत्येक यंत्र सोपे गेले. याउलट कोणती कळ कोठे आहे एवढेच ज्यांना पाठ करविले गेले, त्यांना दर पाच वर्षांनी नव्याने शिकावे लागले. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रमही वेळोवेळी बदलावा लागला तो यामुळेच.

वारणानगरचा अनुभव या संदर्भात लक्षात घेण्यासारखा आहे. १९९८ मध्ये राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या साहाय्याने तेथे ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील ७० गावे त्यात होती. साखर कारखान्याशी जोडलेल्या केंद्रांत संगणक बसले आणि ऊस उत्पादकाला आपल्या उसाचे वजन व तोडणीविषयीची माहिती गावातच मिळू लागली. त्यासाठी केंद्रचालकांना संगणक चालविण्याचे खास शिक्षण घ्यावे लागले. दहा वर्षांच्या आतच त्यांपैकी सात गावांत एक नवा प्रयोग झाला. टेबलावरचा संगणक बाजूला ठेवून तीच माहिती मोबाइलच्या लघुसंदेशाने देण्यात आली आणि ते काम व्यवस्थित चालले. ज्या कौशल्यासाठी केंद्रे उभारली, त्याची गरज एवढ्या अल्पावधीत ओसरली. प्रकल्प फसला असा मात्र याचा अर्थ नव्हे. शेतकऱ्याला आपले वजन आपल्या गावात कळणे हे उद्दिष्ट होते. ते साधन बदलूनही टिकले.

एका शब्दाची परीक्षा

जुन्या फॉन्टांतील नोंदी वाचणे किती नाजूक काम आहे हे समजण्यासाठी ऊस पट्ट्यातील सर्वाधिक वापराचा एक शब्द घेऊ: ‘शेतकऱ्यांना’. यातील ‘ऱ्य’ मध्ये येणारा अर्धा र हा मराठीचा विशेष आहे. हिंदीत तो नाही. जुन्या फॉन्टांत त्याला स्वतंत्र आकृती होती. असा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करणाऱ्या ज्या आज्ञावली प्रामुख्याने हिंदी डोळ्यांपुढे ठेवून तयार झाल्या, त्यांतून हा शब्द कित्येकदा ‘शेतकर्यांना’ असा बाहेर पडतो. डोळ्यांना फरक थोडासा वाटतो. संगणकाच्या दृष्टीने हे दोन निराळे शब्द आहेत. त्यात आणखी भर अशी की, युनिकोडमध्येही हा अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो. नुक्ता असलेला ऱ घेऊन एक आणि साध्या र नंतर अदृश्य जोडचिन्ह घालून दुसरा. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण एकाचा शोध घेतला असता दुसरा सापडेलच असे नाही.

याचा परिणाम काय होतो? समजा, एखाद्या संस्थेने १९९९ सालचे ठराव रूपांतरित करून ठेवले आहेत आणि ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द घालून कोणी त्यांत पाणीपट्टीच्या सवलतीचा ठराव शोधला. ठराव आहे, पण शोधात येत नाही. कर्मचारी प्रामाणिकपणे उत्तर देतो, ‘असा ठराव आढळून येत नाही.’ माहितीच्या अधिकारात विचारणा झाली तरी तेच उत्तर जाते. खोटे कोणीच बोललेले नसते.

आडनावांचे तर विचारूच नये. रफार, अर्धा र, क्ष आणि ज्ञ असलेली नावे रूपांतरात सर्वांत आधी विटाळतात. घरपट्टीच्या आकारणी नोंदवहीत, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांच्या १९९७ व २००२ च्या सर्वेक्षणांसारख्या याद्यांत किंवा सभासदांच्या वारसनोंदीत नावाचे एक अक्षर फिरले की ती व्यक्ती आपणच हे सिद्ध करण्याचा भार त्या कुटुंबावर पडतो. ज्या घरात शिक्षण कमी, त्या घराला तो भार अधिक जड जातो.

मोडीचा धडा

कालबाह्य ठरलेले कौशल्य अचानक अनिवार्य होऊ शकते, याचा अनुभव राज्याने अलीकडेच घेतला. स्वातंत्र्यानंतर सरकारी लेखनातून मोडी लिपी उठली. पिढ्या बदलल्या आणि मोडी जाणणारे मोजके अभ्यासक उरले. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे (निवृत्त) यांच्या समितीच्या कामकाजाच्या अनुषंगाने जुन्या महसुली व अन्य दप्तरांतून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची ठिकठिकाणी गरज भासू लागली. ज्या विषयाकडे छंद म्हणून पाहिले जात होते, तो एकाएकी लोकांच्या प्रमाणपत्रांशी निगडित झाला.

तथापि मोडीच्या बाबतीत एक गोष्ट अनुकूल होती. पुण्याच्या अभिलेखागारातील रुमालांत बांधलेला कागद दोनशे वर्षांनंतरही उघडता येतो. लिपी न येणाऱ्यालाही तेथे काही लिहिलेले आहे एवढे तरी दिसते. आज ज्याला ती येत नाही तो उद्या शिकून वाचू शकतो. फ्लॉपीला ही सवलत नाही. तिच्यावरील चुंबकीय लेप काळानुसार क्षीण होतो, दमट हवेत बुरशी धरतो. शिवाय फ्लॉपी वाचणारी खाच नव्या संगणकाला नसते. कपाटात पडलेल्या फ्लॉपीकडे पाहून तिच्यात १९९६ ची मतदारनिहाय यादी आहे की शिपायाच्या मुलाने भरलेला खेळ, हे सांगता येत नाही. सी.डी.ची अवस्थाही फारशी वेगळी नाही.

मुदत किती उरली आहे, हे साध्या हिशेबाने कळते. १९९० मध्ये पंचविसाव्या वर्षी संगणकावर बसलेला राज्य शासनाचा कर्मचारी वयाच्या ५८ व्या वर्षी, म्हणजे २०२३ मध्ये निवृत्त झाला. कोणती धारिका कोणत्या फॉन्टात आहे, कोणत्या फ्लॉपीवर काय आहे, संकेतशब्द काय ठेवला होता, हे ज्यांच्या केवळ स्मरणात आहे ती पिढी आता कार्यालयाबाहेर पडत आहे किंवा पडली आहे. तरुण सहकाऱ्याला हे कौशल्य शिकण्याचे काही कारण नव्हते आणि पुढेही असणार नाही. म्हणजे पूल बांधावयाचा असेल तर तो दोन्ही काठांवर माणसे उभी आहेत तोवरच.

कायदा या बाबतीत मोघम नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ७ नुसार जो अभिलेख ठराविक मुदतीपर्यंत जतन करणे आवश्यक आहे तो इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवता येतो. मात्र त्यातील माहिती पुढेही पाहता व वापरता आली पाहिजे आणि तिचे स्वरूप मूळ माहिती अचूकपणे दर्शविणारे असले पाहिजे. कार्यालयीन वर्गवारीत ‘अ’ वर्गाचे कागद कायमचे आणि ‘ब’ वर्गाचे ३० वर्षे राखावे लागतात. ज्या साधनाचे आयुष्य दहा-वीस वर्षांचे, त्याच्यावर ‘अ’ वर्गाची एकमेव प्रत ठेवणे म्हणजे ती न ठेवल्यासारखेच आहे. वर्गवारी करताना कागद डोळ्यांपुढे असतो, फ्लॉपी नसते. त्यामुळे ती कोणत्याच वर्गात न पडता राहून जाते.

गावपातळीवर काय करता येईल

माळेगाव बुद्रुकची ग्रामपंचायत आता नगरपंचायत झाली आहे. वाढत्या गावांत असे स्थित्यंतर ठिकठिकाणी होत आहे. नमुना क्रमांक ८ च्या आकारणी नोंदवहीपासून ठरावांच्या इतिवृत्तापर्यंत सर्व दप्तर एका व्यवस्थेतून दुसऱ्या व्यवस्थेत जाते. कपाटे मोजून हस्तांतर होते. संगणकातील धारिकांची यादी मात्र क्वचितच केली जाते. जुना संगणक ‘नादुरुस्त’ असा शेरा मारून निर्लेखित होतो आणि त्याच्याबरोबर त्यातील तबकडीही जाते. निर्लेखनाच्या प्रस्तावासोबत ‘यातील माहिती उतरवून घेतली व तपासली’ असे दोन सह्यांचे प्रमाणपत्र जोडण्याची प्रथा पाडली तर खर्च काहीच होणार नाही.

हे काम करण्यासाठी बाहेरून मोठी यंत्रणा आणावी लागते असेही नाही. बाहेरून जोडता येणारा फ्लॉपी वाचक ही स्वस्त वस्तू आहे. तालुक्यात एक असला तरी अनेक कार्यालयांचे काम भागते. माळेगावसारख्या ठिकाणी अभियांत्रिकीचे विद्यार्थी हाताशी आहेत. एखाद्या सत्राचा प्रकल्प म्हणून जुन्या फॉन्टातील मजकूर युनिकोडमध्ये आणण्याचे काम त्यांना देता येईल, आणि तो अनेक कागदी प्रकल्पांहून अधिक उपयोगाचा ठरेल. त्यांच्याशेजारी जुने निवृत्त लिपिक बसले पाहिजेत. कारण ‘या संक्षेपाचा अर्थ काय’ हे आज्ञावलीला कळत नाही, लिपिकाला कळते. धारिका कोणत्या फॉन्टात आहे एवढे जरी त्यांच्याकडून आज लिहून घेतले, तरी निम्मे काम झाले असे समजावे. फॉन्टाची प्रतही त्याच ठिकाणी जपून ठेवावी. मूळ धारिका रूपांतरानंतरही पुसू नये, ही दक्षता फार महत्त्वाची आहे. उद्या अधिक चांगली आज्ञावली निघाली तर पुन्हा मुळाकडे जावे लागते.

शिक्षकांनाही येथे वाव आहे. माध्यमिक शाळेतील संगणकाच्या तासाला डॉसचा इतिहास पाठ करून घेण्याऐवजी एकच शब्द, उदाहरणार्थ ‘कर्ज’, टंकलेखन यंत्रावर, जुन्या फॉन्टात आणि युनिकोडमध्ये कोणत्या क्रमाने तयार होतो, हे मुलांपुढे मांडून दाखवावे. पडद्यावर दिसते ते आणि संगणकात साठते ते यांतील भेद त्यांना अर्ध्या तासात समजतो. जुने टंकलेखन यंत्र शाळेच्या अडगळीत असेल तर ते बाहेर काढावे; मुलांना त्याच्या कळा दाबण्याची हौस असतेच.

रूपांतर झाल्यानंतर तपासणी कशी करावी याची जुनी रीत कार्यालयांना नव्याने शिकविण्याची गरज नाही. पूर्वी नक्कल झाली की एकाने मूळ वाचावयाचे आणि दुसऱ्याने नकलेवर बोट ठेवून ताळा घ्यावयाचा, अशी पद्धत होती. तीच येथे चालते. मूळ छापील प्रत उपलब्ध असेल तर उत्तमच. संपूर्ण वाचन शक्य नसल्यास काही शब्द कसोटीला लावावेत: ‘शेतकऱ्यांना’ अर्ध्या र साठी, ‘कर्ज’ आणि ‘पूर्वहंगामी’ रफारासाठी, ‘क्षेत्र’ क्ष साठी, ‘निश्चित’ वेलांटीच्या क्रमासाठी. त्यानंतर नावांची यादी घ्यावी आणि ती मात्र पूर्ण वाचावी. ज्यांची नावे यादीत आहेत अशा गावातील दोन वडीलधाऱ्यांना त्या दिवशी शेजारी बसवून घेतले, तर कोणत्या आडनावात रफार आहे आणि कोणत्यात नाही, हे विचारण्यासाठी इतरत्र जावे लागत नाही.